जवळचा टॉवर आपलाच असेल असे नाही

पत्र: "संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर आमचे घर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. गोठ्याच्या बेड्यापाशी फोनला चार दांड्या असतात आणि माजघरात एकही नाही. ओटीवरून तीन टॉवर दिसतात. एक बाजारात, एक नदीपलीकडच्या सड्यावर आणि तिसरा खूप लांब, त्याचा रात्री नुसता लाल दिवा दिसतो. बाजारातला टॉवर कुणाचा, यावर दुकानदार आणि पोस्टमन यांचे एकमत नाही. मुलगा गणपतीला येताना सिमकार्डवर चालणारा राउटर आणि बाहेर लावायचा अँटेना आणणार आहे. तो कुठल्या टॉवरकडे तोंड करून लावावा? सूनबाईंना टॉवरच्या किरणांची धास्ती आहे. शिवाय परवा एक फोन आला. आमच्या कलमांच्या बागेत टॉवर बसवतो, ४० लाख आगाऊ आणि महिना ३५ हजार भाडे देतो, फक्त कागदपत्रांचे ६,५०० रुपये आधी भरा, असे म्हणाले. भरू का?"

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण उत्तर तिथूनच सुरू करतो. एक रुपयाही भरू नका. टॉवर बसवणारी कंपनी जागेचे भाडे देते, जागामालकाकडून पैसे घेत नाही. ना नोंदणीचे, ना विम्याचे, ना 'ना हरकत' दाखल्याचे. दूरसंचार विभाग आणि ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) या दोघांनीही हे जाहीरपणे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. टॉवरसाठी ट्राय असा कोणताही दाखला देतच नाही. त्यामुळे ट्रायच्या शिक्क्याचे पत्र व्हॉट्सॲपवर आले, तर ते बनावट आहे असे डोळे मिटून समजा. खरी कंपनी जागा शोधते तेव्हा तिची माणसे आधी गावात येतात, चढउतार बघतात, जीपीएसवर ठिकाण टिपतात, सातबारा मागतात. तुमची बाग उंचावर आहे की पऱ्याच्या कडेला, हेही ज्याला ठाऊक नाही, तो फोनवरून ४० लाखांचा भाव कसा ठरवतो? त्या नंबरची तक्रार 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरच्या 'चक्षु' सुविधेत करा. वाडीतल्या कुणी आधीच पैसे भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावायला सांगा.

आता टॉवरकडे वळू. ड्राइव्ह टेस्टच्या, म्हणजे रस्तोरस्ती फिरून नेटवर्क मोजायच्या, गाडीत मागच्या सीटवर बसून मी काही वर्षे काढली आहेत. मांडीवर लॅपटॉप, डॅशबोर्डवर चार फोन आणि घाटात लागणारी गाडी. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. माणूस डोळ्यांना दिसणारा टॉवर आपला समजतो आणि फोन भलत्याच टॉवरशी बोलत असतो. म्हणून अँटेना कुठे वळवायचा हे ओटीवरून ठरवू नका, आधी फोनला विचारा.

त्याआधी दुकानदार आणि पोस्टमन यांचे भांडण मिटवू. दोघेही बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. लोखंडी मनोरा सहसा एका कंपनीचा असतो आणि त्यावर भाडेकरू दुसऱ्याच. इंडस टॉवर्ससारख्या कंपन्यांचा धंदाच तो आहे. मनोरा, कुंपण, बॅटऱ्या आणि जनरेटर त्यांचा, वरचे अँटेना एअरटेलचे, व्हीआयचे किंवा आणखी कुणाचे. कुंपणाच्या फाटकावर बहुधा एक पाटी असते. तिच्यावर मालक कंपनीचे नाव, त्या जागेचा क्रमांक आणि तक्रारीचा फोन नंबर असतो. बाहेरूनच वाचा आणि फोटो काढा, आत शिरू नका. पाटीवरचे नाव वाचून आपल्या सिमचा टॉवर सापडला असे मात्र समजू नका, ते घरमालकाचे नाव आहे.

दुर्बीण असेल तर मनोऱ्याच्या वरच्या भागाकडे बघा. उभ्या, लांबट, फळीसारख्या दिसतात त्या पेट्या तुमच्या फोनशी बोलणाऱ्या. त्या बहुधा तीन दिशांना लावलेल्या असतात आणि प्रत्येक दिशेने साधारण १२० अंशांचा परिसर सांभाळते. त्या परिसराला आम्ही सेक्टर म्हणतो. एकाच मनोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीवर असे दोन-तीन थर दिसले, तर भाडेकरू एकाहून जास्त असणार. थोड्या बुटक्या, रुंद, चौकोनाकडे झुकणाऱ्या पेट्या दिसल्या तर त्या बहुधा ५जी च्या. ढोलासारखे पांढरे गोल दिसतात ते तुमच्या कामाचे नाहीत. ते एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरकडे सगळा भार वाहून नेतात. पण त्यांचे तोंड कुठे आहे ते पाहून ठेवा, गावाचे इंटरनेट कुठल्या डोंगरावरून येते ते कळते. मुसळधार पावसात दांड्या पूर्ण असूनही नेट रांगायला लागते, त्यामागे कधी कधी हा ढोल असतो. इतक्या उच्च वारंवारतेच्या लहरी जोराच्या सरीत विरतात.

तिसऱ्या, लाल दिव्याच्या टॉवरवर आत्ताच आशा ठेवू नका. लाल दिवा विमानांसाठी असतो, तो टॉवर कशाचा आहे हे सांगत नाही. पोलिसांचा वायरलेस, दूरदर्शनचा प्रक्षेपक, काहीही असू शकते. दिवसा स्वच्छ ऊन असताना दुर्बिणीतून त्यावर उभ्या पेट्या दिसल्या तरच तो यादीत घ्या.

आता फोनला विचारायचे कसे ते सांगतो. अँड्रॉइड फोनवर 'नेटमॉन्स्टर' किंवा 'सेलमॅपर' हे ॲप घ्या. लोकेशन चालू ठेवा, नाहीतर ॲप काही दाखवणार नाही. फोनमध्ये दोन सिम असतील तर एक काढून ठेवा आणि पाहणीपुरता फोन फक्त ४जी वर लावा. ५जी मध्ये आकड्यांची मोडणी वेगळी आहे आणि कधी ४जी, ५जी दोन्ही एकदम चालू असतात. घोळ नको. आयफोन असेल तर *३००१#१२३४५#* हा नंबर लावला की एक पडदा उघडतो, पण तो वाचायला किचकट आहे. वाडीतल्या कुणाचा अँड्रॉइड मागून घ्या, सोपे पडेल.

पडद्यावर आकडे बरेच येतात. तुम्हाला त्यातले चारच हवेत.

पहिला आकडा नेटवर्कचा. भारताचे ४०४ किंवा ४०५, आणि पुढे कंपनी व सर्कल, म्हणजे दूरसंचाराचा विभाग. महाराष्ट्र सर्कलमध्ये एअरटेल ४०४-९०, बीएसएनएल ४०४-६६, व्हीआय ४०४-२२ किंवा ४०४-२७ आणि जिओ ४०५-८६४. या सर्कलमध्ये गोवा येतो पण मुंबई येत नाही, मुंबईचे सर्कल वेगळे आहे. म्हणून मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या एअरटेल सिमवरही संगमेश्वरात ४०४-९० च दिसेल, मुंबईचा ४०४-९२ नाही. आकडा टॉवरकडून येतो, सिमकडून नाही.

दुसरा आकडा सेलचा क्रमांक, आणि खरी गंमत त्यात आहे. तुम्ही गणित शिकवले असेल तर तुम्हाला आवडेल. ४जी मध्ये हा एक लांबलचक आकडा असतो. त्याला २५६ ने भागा. पूर्णांकात येणारा भागाकार म्हणजे टॉवरचा क्रमांक, उरलेली बाकी म्हणजे त्यावरचा सेल, म्हणजे एका सेक्टरचा एक बँड. उदाहरणादाखल, पडद्यावर ३१६०४७३८ दिसले. २५६ ने भागल्यावर १२३४५६ येतात आणि बाकी २ उरते. म्हणजे त्या कंपनीचा १२३४५६ क्रमांकाचा टॉवर आणि त्यावरचा २ क्रमांकाचा सेल. बरीच ॲप हा भागाकार स्वतःच करून 'ईएनबी' म्हणून दाखवतात, पण एकदा हाताने करून बघा, मग विसरायला होत नाही. बाकी म्हणून उरणारा कुठला आकडा कुठल्या दिशेला द्यायचा हे कंपनी आपल्या मनाने ठरवते, त्यामुळे १ म्हणजे उत्तर असे गृहीत धरू नका.

तिसरा आकडा ताकदीचा, 'आरएसआरपी'. तो उणे असतो. उणे ८५ चांगला, उणे ११० अशक्त, उणे १२० म्हणजे जेमतेम धुगधुगी. दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे दोन फोनच्या दांड्यांची तुलना करता येत नाही. आणि ही मोजपट्टी सरळ नाही. दर १० आकड्यांना ताकद १० पट बदलते. म्हणजे गोठ्याच्या बेड्यापाशी उणे ८५ आणि माजघरात उणे ११५ असेल, तर माजघरात हजारावा हिस्सा पोचतो आहे.

चौथा आकडा बँडचा, म्हणजे लहरींच्या वारंवारतेच्या पट्ट्याचा, आणि तुमच्या माजघराचे कोडे बहुतेक इथेच सुटेल. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, बँड ८ म्हणजे ९००, बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१०० आणि बँड ४० म्हणजे २३००. बीएसएनएलचे नवे ४जी बँड २८ वरही, म्हणजे ७०० वर, चालते. आकडा जितका लहान, तितकी लहर डोंगराआड आणि भिंतीआड चांगली जाते. तुमचे घर चिऱ्याचे असणार. चिऱ्याच्या जाड भिंती दोन ओलांडल्या की २३०० ची लहर गळाठते, ८५० ची कशीबशी तग धरते. म्हणून बेड्यापाशी फोन बँड ४० वर चार दांड्या मिरवतो आणि माजघरात बँड ५ च्या शेपटाला लोंबकळतो. पडवीला पत्रा असेल तर त्याचाही वाटा आहेच.

आता वही घ्या. घराभोवती दहा-बारा ठिकाणे ठरवा. ओटी, पडवी, माजघर, खळे, विहीर, बेडे, बागेचा वरचा बांध, शाळेची वाट आणि जमल्यास सडा. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे थांबा आणि चार आकडे लिहा. घाई करू नका, फोन आधीच्या टॉवरला चिकटून राहतो आणि आकडे मागून बदलतात. शंका आली तर विमान मोड लावून काढा. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करा. वाडीत एअरटेल, जिओ, व्हीआय, बीएसएनएल अशी सगळी सिम कुणाकुणाकडे असतील, त्यांच्या फोनवरही हेच करा. शेजारच्या टॉवरांची यादीही ॲपमध्ये खाली दिसेल, पण तिथे बहुधा ० ते ५०३ मधला एक छोटा आकडा, 'पीसीआय', एवढाच येतो. तोही टिपून ठेवा. फोन कधी त्या टॉवरवर गेला की पूर्ण क्रमांकाशी त्याची जोडी लावता येते.

वही भरली की टॉवरचे दोन-तीन क्रमांक हाती येतील. त्यातला बाजारातला कुठला आणि सड्यावरचा कुठला, हे ठरवणे उरते. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे चालत किंवा एसटीने टॉवरपाशी जाणे. मनोऱ्याभोवती शंभर-दोनशे मीटरवरून चक्कर मारा. ताकद उणे ६० च्या आसपास गेली, टॉवरचा क्रमांक तोच राहिला आणि चक्कर मारताना बाकी बदलत गेली, तर तोच तो. अगदी बुंध्याशी उभे राहू नका, वरच्या पेट्यांचा झोत लांब फेकलेला असतो आणि पायथ्याशी कधी कधी आकडा उलट खाली येतो.

सड्यावर चढणे गुडघ्यांना झेपणार नसेल तर एक गावठी युक्ती सांगतो. ड्राइव्ह टेस्टच्या कुठल्याही पुस्तकात ती मला भेटली नाही, एका लाइनमनने शिकवली. बाजारात आणि सड्यावर वीज वेगवेगळ्या फिडरवरून येत असेल, तर लाइट जाण्याची वाट बघा. कोकणात फार थांबावे लागणार नाही. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेल नसेल तर बंद पडतो. बाजारातली लाइट बराच वेळ गेलेली असताना वहीतला जो क्रमांक फोनवरून नाहीसा झाला आणि लाइट आल्यावर परत आला, तो बाजारातला. मी अशा तऱ्हेने दोन टॉवरांची नावे पंख्याकडे बघत ठरवली आहेत.

काही फोनवर ॲपमध्ये 'टायमिंग ॲडव्हान्स' दिसतो. तुमच्यावर दिसला तर सोन्याहून पिवळे. ४जी मध्ये त्याची एक पायरी म्हणजे साधारण ७८ मीटर. ४० आकडा आला तर टॉवर सुमारे ३.१ किलोमीटरवर. नकाशावर घर मध्ये धरून तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा, त्या रेषेच्या आसपास टॉवर असायला हवा. लहर समोरच्या डोंगरावर आपटून आली असेल तर अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसते, कमी दिसत नाही.

दिशेसाठी मोकळ्यावर, शक्यतो सड्यावर किंवा बागेच्या वरच्या बांधावर जा. फोन छातीशी धरा आणि हळूहळू स्वतःभोवती फिरा, दर पाव फेरीला थोडे थांबा. आपले अंग लहर अडवते. टॉवरकडे पाठ झाली की आकडा घसरतो, तोंड झाले की सुधारतो. खाली खोऱ्यात हा प्रयोग फसतो, तिथे लहर चारी बाजूंनी आपटून येते.

इंटरनेटवरच्या नकाशांबद्दल थोडे सावध करतो. 'सेलमॅपर'सारख्या नकाशावर टॉवरचे जे ठिपके दिसतात, ते लोकांच्या फोनने जिथे जिथे तो टॉवर पकडला त्यावरून काढलेला अंदाज असतो. कुणी जागेवर जाऊन पक्का केलेला नसेल तर ठिपका रस्त्याकडे ओढला जातो, कारण मोजणारे फोन रस्त्यावरून जातात. तुमच्याकडे मुंबई-गोवा महामार्गावरूनच बहुतेक मोजणी झालेली असणार. शास्त्री नदीच्या पात्रात टॉवर दाखवला तर हसून सोडून द्या. त्या नकाशाचा उपयोग वहीतला क्रमांक आणखी कुठे कुठे दिसला, हे बघायला करा. त्यापेक्षा भरवशाचे दूरसंचार विभागाचे 'तरंग संचार' हे संकेतस्थळ, २०१७ पासून चालू आहे. आपली माहिती देऊन गावाचे नाव टाकले की आसपासचे टॉवर नकाशावर दिसतात. कुठल्या टॉवरवर कोणते तंत्रज्ञान आहे आणि तो किरणोत्सर्गाच्या मर्यादेत आहे का, हेही मागवता येते. आपल्या फोनचा सेल क्रमांक मात्र तिथे जुळवता येत नाही, म्हणून वही लागतेच. शिवाय ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांनाही आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. नवे सिम घेण्याआधी ते बघा, पण डोंगराच्या सावलीतल्या एका वाडीचा खरा हाल त्यात उतरेलच अशी अपेक्षा धरू नका.

सूनबाईंना सांगा, 'तरंग संचार' त्यांच्यासाठीच आहे. भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. खात्री हवी असेल तर शुल्क भरून त्याच संकेतस्थळावरून मोजणीही मागवता येते. आणि त्यांना हेही सांगा, की रेंज अशक्त असते तेव्हा कानाशी धरलेला फोनच जास्त जोर लावून बोलतो. माजघराच्या कोपऱ्यात उणे ११५ वर तासभर बोलण्यापेक्षा बेड्यापाशी येऊन बोललेले बरे, किंवा इअरफोन लावावा.

आता मुलाच्या अँटेनाकडे येतो. वहीतल्या आकड्यांत सगळ्यात चांगली ताकद ज्या टॉवरची, तो पहिला उमेदवार. पण वेग नुसत्या ताकदीवर ठरत नाही, त्याच टॉवरवर त्या वेळी किती माणसे लोंबकळली आहेत त्यावरही ठरतो. गणपतीत सारी मुंबई खाली उतरली की बाजारातल्या टॉवरची काय अवस्था होते ते तुम्ही बघितलेच असेल. म्हणून ताकद थोडी कमी पण गर्दी कमी, असा सड्यावरचा टॉवर रात्री नऊला जास्त वेग देऊ शकतो. त्यासाठीच तुम्हाला रात्रीची फेरी सांगितली. दोन्हीकडे वेग मोजून बघा, वेगवेगळ्या दिवशी. वाटेत तुमच्याच बागेतले आंब्याचे झाड येत असेल, तर पावसात भिजलेली पाने लहर खातात हे लक्षात घ्या. मे महिन्यातला निकाल श्रावणात टिकत नाही.

अँटेना घेताना दोन केबलींचा घ्यायला सांगा. ४जी एकाच वेळी दोन वाटांनी बोलते, एका केबलीचा अँटेना अर्धे काम करतो. तो कौलांच्या वर, टॉवरच्या दिशेला मोकळा दिसेल असा लावा. आधी नुसता हातात धरून, राउटरच्या पडद्यावरचे आरएसआरपी बघत, दिशा ठरवा. राउटरमध्ये बँड बांधून ठेवायची सोय असेल तर वहीतला बँड तिथे टाका, नाहीतर तो आपल्या मनाने दुसऱ्याच टॉवरकडे उडी मारेल. एक मात्र करू नका. बाजारात 'सिग्नल बूस्टर' म्हणून डबे विकतात, ते परवानगीशिवाय लावणे बेकायदा आहे. ते आजूबाजूच्या सगळ्यांचीच रेंज बिघडवतात आणि दूरसंचार विभागाची माणसे ते शोधून काढतात. नुसता अँटेना स्वतःहून काही ओरडत नाही, तो चालतो.

केबल मात्र आखूड घ्या. बारीक केबल १० मीटरची केली तर अँटेनाने वर मिळवलेले बरेचसे खाली येईपर्यंत वाटेतच संपते. राउटर माळ्यावर अँटेनाच्या जवळ ठेवा आणि तिथून माजघरापर्यंत साधी लॅन केबल आणा, तिला लांबीचे फारसे काही वाटत नाही. माळ्यावर उंदीर असतील तर केबल पाइपातून घाला.